चौकटीत कोण मावतं

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजपासून आम्ही कोल्हापूरकर!

मुरगूडहून टेंपो सकाळीच निघाला. पुढं ड्रायव्हरशेजारी बायको त्रिशला, मांडीवर मोगऱ्याची कुंडी; मागं पुस्तकांच्या खोक्यांवर हट्टानं बसलेला मी. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं असं बसू नये, हे तिनं कागल येईपर्यंत मागच्या खिडकीतून हातवारे करून सांगितलं. पण काय तो रस्ता! उसाचे ट्रॅक्टर, धुकं, मध्येच कुठंतरी गुऱ्हाळाचा वास. पाचवीच्या वर्गात चाल लावून म्हटलेली एक कविता आपोआप ओठावर आली. ट्रॅक्टरवाला माझ्याकडं बघून हसला आणि, काय पावणं, गाण्याचा कार्यक्रम हाय काय, असं ओरडून पुढं गेला.

राजारामपुरीत दोन खोल्यांचं घर मिळालंय. बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर, जवळ, भाजी मंडई जवळ, आणि ऑफिस तर दोन गल्ल्यांवर. होय, ऑफिस! वृषभ मगदूम हा माझा जुना विद्यार्थी. कविता म्हणताना कायम वर्गाच्या अर्धी मात्रा मागं राहणारा. आता त्याची वेबसाइट बनवायची कंपनी आहे. आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवाची वेबसाइट त्याच्याकडं आलीय, आणि त्यात शेकडो जुने फोटो आहेत. प्रत्येक फोटोमागं म्हणे एक वाक्य लपवून ठेवावं लागतं. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला त्याचा फोन ते वाक्य वाचून दाखवतो. ही वाक्यं लिहायला त्याला माणूस हवा होता. सर, तुमच्याशिवाय दुसरं कोण आठवणार, म्हणाला.

आंधळ्याला चित्र दाखवायचं, तेही शब्दांनी. आयुष्यभर मी दुसरं काय केलं?

बुधवार, ५ नोव्हेंबर

ऑफिसात वृषभ आणि तेजस्वी, दोघंच. तेजस्वी गडमुडशिंगीहून स्कूटीवर येते. तोंडानं फटकळ पण कामात हुशार. पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं की सर, वाक्य छोटं लिवा, हितं निबंध न्हाय लिवायचा, ऐकणारा झोपंल की.

आज तिनं मला त्यांचा डबा समजावून सांगितला. वेबसाइटवर फोटो जिथं जिथं दिसतो, तिथं तो एका डब्यात ठेवलेला असतो. डबा एकदाच बनवायचा आणि सगळीकडं तोच वापरायचा. गुरुजनांच्या पानावर तोच, सहलीच्या पानावर तोच. डब्यात एक बदल केला की सगळीकडं बदल. कॉम्प्युटरवर डबा रुंद असतो, फोनवर अरुंद होतो. फोटो मात्र जसा काढला तसाच. मग त्याला डब्यात बसवायचं कसं? तीन रीती. एक, फोटोनं डबा भरून टाकायचा आणि बाहेर आलेल्या कडा कापायच्या. दोन, फोटो दाबून बसवायचा. त्यात माणसं काठीसारखी दिसतात. तीन, अख्खा फोटो लहान करून मावून घ्यायचा. मग उरलेली जागा मोकळी राहते.

मला इतका आनंद झाला की मी तिला थांबवून वृत्तांचा तास घेतला. कवीही हेच करतो, म्हटलं. ओळीत शब्द मावेना की अक्षर गाळतो, नाहीतर दीर्घाचं ह्रस्व करून दाबतो, नाहीतर ओळीत जागा उरली म्हणून हा, की, पै असलं काहीतरी भरतीला घालतो. तेजस्वीनं डोळे मोठे केले आणि म्हणाली, सर, तुमी जुन्या जमान्यातलं इंजिनिअर हाय.

घरी त्रिशलाला सांगितलं. ती पस्तीस वर्षं त्याच शाळेत गणित शिकवत होती. तिला ते माझ्याआधी कळलं. भाकरी थापता थापता म्हणाली, म्हणजे कुणीतरी काहीतरी सोसल्याशिवाय बसत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज तो फोटो हाती आला. आमच्या सगळ्या शिक्षकांचा, चौऱ्याण्णवच्या स्नेहसंमेलनातला.

किती वेळ बघत बसलो. डावीकडं अगदी कडेला शाळेच्या शिपाईबाई धोंडुबाई, काष्ट्याचं लुगडं, हात पदराखाली. तिच्या शेजारी चित्रकलेचे बाळासो, केसांचा फुगा काढलेला. मग त्रिशला. निळ्या काठाची पांढरी साडी, नजर कॅमेऱ्याकडं नाहीच, कुठंतरी वर. मग बाकीची मंडळी. उजवीकडं मानाच्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव आबा, फेटा, मांडीवर काठी. आणि खुर्चीमागं, उजव्या टोकाला मी. खुर्ची खरं तर मधोमध होती. पण बाकीची मंडळी नंतर डावीकडून येऊन उभी राहिली, आणि आबांना उठून सरका असं सांगायची कुणाची छाती नव्हती.

तेजस्वीनं विचारलं, डबा बारीक झाल्यावर काहीही झालं तरी फोटोतलं काय दिसलं पाहिजे? तिथं बोट ठेवा. विचार करायचं काही नव्हतंच. आमच्याकडं पत्रिकेत, फ्लेक्सवर, सभेत, सगळीकडं आधी मान. मी आबांच्या खुर्चीवर बोट ठेवलं. वृषभनं तोच बिंदू डब्याला कायमचा देऊन टाकला. प्रत्येक फोटोला परत परत कोण विचारत बसणार, म्हणाला. आबांचा मुलगा सयाजीराव आता अध्यक्ष आहे. आबा दिसले नाहीत तर तो वेबसाइट उचलून पंचगंगेत टाकील, यावर तिघंही हसलो.

वाक्य असं लिहिलं: उन्हाकडं तोंड करून उभी राहिलेली, फळा पुसून नुकतीच बाहेर आलेली माणसं. तेजस्वीनं ते कापून, शिक्षकांचा समूह-फोटो, एवढंच ठेवलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज टॅब्लेटच्या मापाचा डबा तयार झाला. खुर्ची उजवीकडं, म्हणून सगळी काटछाट डावीकडून. धोंडुबाई अर्धी कापली गेली. रेघ बरोबर नाकावरून खाली. आमच्या डाव्या हाताला फोटोत तिची उजवी बाजू येते, ती गेली. राहिला एक डोळा आणि पदराखालचा एक हात.

मला ते बघवेना. म्हटलं, अख्खी ठेवा नाहीतर अख्खी काढा, असं बाईमाणसाला मधून चिरू नका. तेजस्वी म्हणाली, मी न्हाय चिरलं, डबा आपला आपणच मोजून घेतो.

एक गोष्ट सहज लक्षात आली. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर या दोघांचे फोटो नाहीत. तिथं नुसती कार्टून चित्रं आहेत. विचारलं तर वृषभ म्हणाला, फॅशन आहे सर.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मुरगूडला जाऊन आलो. धोंडुबाईला अर्धांगवायूचा झटका आला. बुधवारी, दुपारी.

म्हातारी नाही तशी, पासष्टीची असेल. पलंगावर उठून बसली होती. बोलणं स्वच्छ. पण उजवं अंग गेलं, आणि नुसतं गेलं नाही. सून सांगत होती की ताट वाढलं की अर्ध्याच ताटातलं खाती, उजवीकडची भाजी तशीच राहती, आणि वरून भांडती की अर्धंच का वाढलंया. मी उजवीकडच्या खुर्चीवर बसलो होतो. मला ती सर कुठं गेलं म्हणून हाका मारत होती. उठून डावीकडं आलो तेव्हा म्हणाली, आलासा व्हय, बसा की. मग डाव्या हातानं तिनं स्वतःच्या तोंडावर एक रेघ ओढून दाखवली. कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून. हितनं पल्याड कायच न्हाय बगा सर, म्हणाली.

तशीच रेघ मी पाहिली होती.

वयाचा आजार आहे. योगायोग आहे. परत येताना सगळा रस्ता मी स्वतःला हेच सांगत आलो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

फोनच्या मापाचे डबे सुरू झाले. आधी मोठा फोन. धोंडुबाई आता डब्यात नाहीच. रेघ बाळासोच्या खांद्यावर.

मी दोघांवर नजर ठेवून आहे. तेजस्वी स्क्रीनच्या समोर कधी नीट बसत नाही, कडेनं तिरकी बसते. वृषभनं आपल्या टेबलावरचा कुटुंबाचा फोटो उपडा ठेवलाय. काच फुटलीय, म्हणाला. मी दुपारी तो गेल्यावर उचलून पाहिला. काच शाबूत होती.

बाळासोला फोन केला. ठणठणीत. उलट मला म्हणाला, काय ओ कवी, कोल्हापुरात जाऊन फोन लावायला शिकलासा? सकाळीच जोतिबाच्या डोंगराचं जलरंगात चित्र काढायला घेतलंय, उद्या पुरं होईल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

बाळासोच्या मुलाचा फोन. चित्र काढता काढता ब्रश गळून पडला. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू. मुलानं चित्राचा फोटो पाठवला. कागदाच्या एका बाजूला डोंगर, देऊळ, झाडं, सगळं रंगवलेलं. दुसरी बाजू कोरी. मध्ये रेघ, पट्टीनं आखावी अशी सरळ. मुलगा म्हणतो, झटका येण्याआधीच त्यांनी ते असं रंगवलं होतं. आणि पुरं झालं, पुरं झालं म्हणून आईला दाखवत होते.

धोंडुबाई शुद्धीवर आहे, पण आता डावीकडून हाक मारली तरी ओ देत नाही.

फोटोत बाळासोच्या शेजारी त्रिशला आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

तिला काही सांगितलेलं नाही. नुसता बघत होतो. सकाळी भाकरी थापताना तिचा उजवा हात मध्येच थांबला. परत सुरू झाला. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. तिची भाकरी चव्वेचाळीस वर्षांत कधी अशी झाली नाही. तिनं ती स्वतःच्या ताटात घेतली, गोल मला वाढली.

मी विचारलं, हात दुखतोय का? म्हणाली, नाही हो. इतक्या लवकर म्हणाली की मला संशय आला. ती लपवतेय.

ऑफिसात गेलो, लहान फोनचा डबा उघडला. रेघ तिच्या साडीच्या निऱ्यांवर आली आहे. उजवं कोपर दिसत नाही.

वृषभला म्हटलं, तो बिंदू हलव. खुर्चीवरून काढ. तो हसला नाही. म्हणाला, सर, आबांचा फोटो जरा कापला गेला तर सयाजीराव काय करतील तुम्हाला म्हाईत हाय. महोत्सवाच्या समितीनं बघून पास केलंय. आता त्याला हात लावायचा न्हाय. मग मी सांगितलं. धोंडुबाई, बाळासो, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि मला खटकलं ते हे, की त्याला आश्चर्य वाटलं नाही. त्यानं खिडकीकडं बघितलं आणि म्हणाला, सर, तुम्ही दमलाय. बरं, कापायचं बंद करतो. दाबून बसवतो.

माझ्यासमोर त्यानं बदल केला. सगळी डब्यात आली. धोंडुबाई, बाळासो, त्रिशला, कोपरासकट. सगळी बारीक, उंच, पण अख्खी. डोळ्यात पाणी आलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

तिचा हात परत चालू लागला. बाळासो उठून बसला म्हणे! धोंडुबाई अख्खं ताट जेवली.

पण काल रुचिता आली होती, आमची नात, इचलकरंजीहून. दारातच तिचा चेहरा उतरला. आजी, केवढी वाळलीस गं, असं म्हणून तिला मिठी मारली आणि पटकन हात काढून घेतले. त्रिशलाच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जातात आणि खाली मनगटावरून गळून पडतात. खांदे आत आलेत. मान लांब. मी माझ्याकडंही पाहिलं. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर. चपलेत पाय इकडून तिकडं हलतो. पाय लांबीला तेवढाच, नुसता अरुंद झालाय.

रुचितानं हट्टानं दोघींचा एक फोटो काढून घेतला. वृषभ फळं घेऊन आला होता, त्यानंच काढला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

त्रिशलाला श्वास पुरत नाही. चिंचोळ्या बोळातून वारा यावा तसा आवाज येतो. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. लाइटवर धरला, उलटासुलटा करून पाहिला. बरगड्या अशा एकमेकींना चिकटलेल्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या. मशीन बिघडलं असेल, परत काढू, म्हणाले. परत काढला. तसाच.

ती मला म्हणाली, अहो, मला कुणीतरी दोन्हीकडून धरलंय.

तिथूनच वृषभला फोन केला. म्हटलं, दाबू नको. सोड. मावून घे.

तो म्हणाला, जागा उरेल सर. मी म्हटलं, उरू दे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

श्वास मोकळा झाला. अंग भरलं. सकाळी ती गुणगुणत होती.

पण खुंटीला हात पोचत नाही. माझाही नाही, तिचाही नाही. फळीवरचा डबा काढायला स्टूल घेतलं, तरी पोचेना. घर मोठं झालंय. नाही, घर तेवढंच आहे. तिचा आवाज स्वयंपाकघरातून येतो तो मैदानाच्या पलीकडून यावा तसा.

आणि ती वर बघत नाही. रस्त्यानं चालताना, अंगणात, कुठंच नाही. मान खाली. मी विचारलं. म्हणाली, वर काही नाही. मग म्हणाली, काही नाही तेच दिसतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

ऑफिसात गेलो. डबा पाहिला. फोनच्या उभ्या डब्यात आम्ही सगळे मधल्या पट्टीत, चिमूटभर. वर आणि खाली उरलेली जागा आता मोकळी नाही.

तेजस्वी म्हणाली, कोरी पट्टी बरी दिसंना, म्हणून भरतीला काहीतरी घातलंय. तोच फोटो मोठ्ठा करून, धूसर करून, मागं लावलाय. सगळेच असं करतात, म्हणाली.

आमच्या डोक्यावर आबांचा चेहरा. डब्याएवढा. डोळ्यांच्या जागी दोन काळे ढग. फेटा वरच्या कडेबाहेर गेलेला.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पुढं हळूच म्हणाली, सर, तुमचा फोटो द्यायलाच नको हुता ओ. आमी कुणीच आमचा देत न्हाय. का, म्हणून विचारलं तर स्कूटीची किल्ली घेऊन खाली गेली.

त्यांना ठाऊक आहे. पहिल्यापासून—

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळ. स्वच्छ ऊन. बस्तीतून परत येताना मी वर पाहिलं.

छपरांच्या वर, जिथं आभाळ असतं तिथं, काहीतरी बसलंय. एवढं मोठं की कडा दिसत नाहीत. धुकं नाही. धुक्याला नाक नसतं. भाजीवाले ओरडत होते, रिक्षा जात होत्या, कुणी वर बघत नव्हतं. कुणाला दिसतच नव्हतं. फक्त आम्ही दोघं, रस्त्याच्या कडेला, मुंगीएवढे.

त्रिशला भिंत धरून उभी राहिली. म्हणाली, कालपासून तो वाकतोय.

शुक्रवार, दुपार

ती जिन्यात बसली आहे, वर यायला तयार नाही. पायाखाली फरशी लागत नाही म्हणते. खालीही तेच आहे, मोठं, धूसर, आबांचे जोडे. मी तिचा हात धरला. एवढासा हात.

तीन रीती. तिन्ही करून झाल्या. कापा, दाबा, मावून घ्या. ती बरोबर बोलली होती, कुणीतरी सोसल्याशिवाय—

पण कुणी सोसायचं ते तर ठरवता येतं. बोट कुठं ठेवायचं ते.

बोट आबांच्या खुर्चीवर मी ठेवलं. कारण मान. मेलेल्या माणसाचा मान. ती तिकडं कडेला उभी, वर बघत, आणि मला क्षणभरही वाटलं नाही की तिच्यावर ठेवावं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

वृषभला फोनवर सांगितलं, परत कापायची रीत लाव. काही विचारलं नाही. लावतो म्हणाला, आणि आवाजात सुटल्यासारखं वाटलं. एवढंच सांगितलं की, सर, कालपासून सगळ्या गिऱ्हाइकांना हाच डबा दिलाय, हॉल, दवाखाना, वधूवर मंडळ, सगळ्यांना. म्हणजे बिंदू एकच, सगळ्यांचा.

ऐकलं. ऐकून फोन ठेवला.

बिंदू हलवायचं पान मलाही उघडता येतं. तेजस्वीनंच शिकवलं होतं. सयाजीराव काय करायचं ते करील. आबांवरचं बोट उचललं आणि डावीकडं नेलं. तिच्या चेहऱ्यावर ठेवलं. ती कॅमेऱ्याकडं बघत नाही, वर बघते. तेव्हा वर आभाळ होतं.

आता डावीकडून कापणार नाही. उजवीकडून. उजव्या टोकाला मी.

इतर फोटोंत उजवीकडं कोण कोण उभं आहे, ते मला माहीत नाही. माहीत करून घेणार नाही. हे लिहिताना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

बटण दाबलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

वर आभाळ आहे. नुसतं आभाळ!

त्रिशला अंगणात उभी राहून वर बघतेय. खुंटीला हात पोचला तिचा. बस्तीत जाऊन आली. भाकरी गोल.

माझा डावा हात सकाळी वहीवरून घसरला. ठीक आहे. लिहायला उजवा आहे. ताटातली डावी वाटी दिसली नाही, तिनं सरकवून दिली तेव्हा दिसली. तिच्या लक्षात आलं. तिनं माझा गळून पडलेला हात मांडीवर घेतला, म्हणे. मला तो दिसत नाही. पण ती त्या बाजूला बसली आहे, हे आवाजावरून कळतं. मी तिला सांगितलं, एक कविता म्हण. तिला एकही पाठ नाही. पाढे म्हणाली. एकोणतीसचा पाढा, चाल लावून. एवढं सुंदर काही मी—

रविवार, दुपार

वृषभचा फोन. आनंदात होता. सर, तुमच्यासाठी एक गंमत केलीय. शाळेच्या पानावर आजचे गुरुजन म्हणून एक नवीन जागा केलीय, पहिला फोटो त्रिशलाबाईंचा. त्या दिवशी काढलेला. डब्यात मस्त बसलाय, बाई अगदी बरोबर दिसतात.

तो फोटो. दोघींचा.

त्रिशला डावीकडं. उजवीकडं—

रुचिता. आजीच्या गळ्यात हात टाकून. उजवीकडं रुचिता आहे. बिंदू डावीकडं, सगळ्यांचा एकच, मी ठेवलेला—

फोन परत लावतोय. उचलत नाही. तेजस्वी उचलत नाही. पान उघडायचंय, एका हाताला जमत नाही, अर्धा स्क्रीन दिसतच—

त्रिशला विचारते काय झालं. तिला रुचिताचा फोन आलाय. हसतेय. म्हणते, ऐका, पोरगी म्हणते तिच्या डाव्या हाताला मुंग्या—

बोट परत न्यायला हवं. आबांवर. मग त्रिशला. नाहीतर रुचिता. त्रिशलाला सांगू? सांगितलं तर ती एका क्षणात— तिला गणित येतं, ती लगेच स्वतःला—

तिनं वाचलं. खांद्यावरून वाचतेय. पान उघडलंय तिनं, तिचं बोट आबांच्या खुर्चीवर—